संश्लेषी जीवशास्त्र

जिवंत पेशीत जनुकांची ठरवून आखलेली रचना बसवून तिच्याकडून हवे ते काम करून घेणारी विद्याशाखा. बोलण्यात सर्रास ‘सिंथेटिक बायोलॉजी’. तिची थोरली बहीण म्हणजे जनुक अभियांत्रिकी. माणसाच्या इन्शुलिनचे जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून बनवलेले औषध अमेरिकेत १९८२ मध्ये मंजूर झाले, ते या थोरलीचे यश. धाकटी एखाद्या जनुकावर थांबत नाही. ती अनेक जनुकांचे मंडल कागदावर आखते, लागणारा डीएनए रसायनांपासून जुळवते आणि पेशीत चालवून पाहते. अशी जुळणी शक्य आहे, हे हरगोविंद खोराना यांच्या गटाने १९७० मध्ये यीस्टचे एक छोटे जनुक प्रयोगशाळेत घडवून दाखवले होते.

शाखेचा आरंभ साधारणपणे जानेवारी २००० मधला मानतात. त्या महिन्यात ‘नेचर’मध्ये दोन शोधनिबंध आले. गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी एकमेकांना दाबून धरणाऱ्या दोन जनुकांची कळ बनवली. ती एका बाजूला पडली की तिथेच राहते. एलोविट्झ आणि लिब्लर यांनी तीन जनुकांचे चक्र रचले. पहिले दुसऱ्याला रोखते, दुसरे तिसऱ्याला आणि तिसरे पुन्हा पहिल्याला. त्यामुळे जिवाणू हिरवे उजळत आणि मंदावत राहिले. मात्र एकाच पेशीतून विभागलेल्या दोघींचा ताल जुळेना. पेशी म्हणजे सर्किट बोर्ड नव्हे, हे पहिल्याच प्रयोगात दिसले होते. तरी त्यानंतरची कितीतरी वर्षे या शाखेची जाहिरात त्याच उपमेवर चालली.

सर्वांत गाजलेले उदाहरण मलेरियावरील आर्टेमिसिनिनचे. हे द्रव्य आर्टेमिसिया ॲन्युआ या वनस्पतीतून मिळते. त्याच्या शोधासाठी तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. पिकावर अवलंबून असल्याने त्याचा पुरवठा आणि भाव सतत वरखाली होत. बर्कलेचे जे कीसलिंग आणि अमायरिस कंपनी यांनी या वनस्पतीची जनुके यीस्टमध्ये बसवली, शिवाय यीस्टच्या स्वतःच्या चयापचयाचा प्रवाहही वळवला. २००४ मध्ये गेट्स फाउंडेशनने या प्रकल्पाला ४ कोटी २६ लाख डॉलर दिले. २००६ मध्ये यीस्ट आर्टेमिसिनिक आम्ल बनवू लागले आणि २०१३ पर्यंत उत्पादन लिटरला २५ ग्रॅमवर गेले. आम्लापासून औषध बनवण्याची अखेरची पायरी मात्र रसायनशास्त्राची. सानोफीने ती इटलीतील गारेसिओच्या कारखान्यात प्रकाशाच्या साहाय्याने पार पाडली.

पुढे बाजार आडवा आला. लागवड वाढली आणि शेतातल्या मालाचा भाव किलोला २५० डॉलरच्या खाली गेला. सानोफीचा ना-नफा भावच ३५० ते ४०० डॉलर होता. २०१५ मध्ये कारखान्यात एक ग्रॅमही औषध बनले नाही, आणि पुढे तो विकला गेला. विज्ञान यात हरले नाही, हिशेब चुकला.

क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने वेगळी वाट धरली: पेशीला जगायला कमीत कमी किती लागते? २०१६ मध्ये तिने ४७३ जनुकांवर जगणारा जिवाणू घडवला. त्यांतील १४९ जनुके नेमके काय करतात, हे घडवणाऱ्यांनाही तेव्हा सांगता येत नव्हते.

रुग्णालयात पोहोचलेला या विद्येचा ठळक नमुना म्हणजे कार-टी उपचार. रुग्णाच्याच टी-पेशींवर कर्करोग ओळखणारा कृत्रिम ग्राही बसवून त्या परत त्याच्या शरीरात सोडतात. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल रुग्णालय यांच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. त्याचा खर्च अमेरिकेतील अशाच उपचाराच्या सुमारे एकदशांश आहे.