पाकिटाच्या कडेचा काळा ठोकळा

नागपूरहून गावी निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत संत्रा बर्फीसोबत शेवेचं एखादं पाकीट असतंच. ते रिकामं झालं की सांध उकलून बघा. कडेला, सगळ्या मजकुरापासून फटकून, एक गडद ठोकळा छापलेला दिसेल. तो गिऱ्हाइकासाठी नाहीच. पॅकिंगवाले त्याला ‘आय-मार्क’ म्हणतात.

रोलवरून ओढली जाणारी फिल्म ताणते, घसरते. पाकिटामागे अर्धाच मिलिमीटर चुकला, तरी शंभराव्या पाकिटाला सुरी पाच सेंटीमीटर सरकून नेमकी नावावर पडेल. म्हणून मशीन नुसत्या मापावर विसंबत नाही. सेन्सरसमोर ठोकळा आला की मापाचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

या सेन्सरचं कूळ निघतं समुद्राच्या तळाशी. तारायंत्राच्या केबली तपासायला विलोबी स्मिथ सेलेनियमच्या कांड्या वापरत असे, आणि त्यांचा विद्युतरोध काही केल्या स्थिर राहीना. उजेड पडला की तो घटतो, हे त्याने १८७३ मध्ये जाहीर केलं. डोकेदुखी म्हणून सुरू झालेली गोष्ट! आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना स्फटिकाचा शोधक बनवला. त्याचं अमेरिकी पेटंट १९०४ चं. तो रेडिओलहरींइतकाच प्रकाशालाही दाद देई.

कारखान्यात हे तंत्र रुळलं ते १९३० च्या दशकात. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड टिपणारी प्रकाशनळी. पण मशीनच्या हादऱ्याने दिव्याची तार तुटायची आणि काम ठप्प. १९६२ मध्ये अमेरिकेत बियर्ड आणि पिटमन यांनी अवरक्त एलईडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. माझ्या मते खरी कलाटणी ही. तार नाही म्हणून तुटणं नाही, हा फायदा उघडच. पण एलईडी सेकंदाला हजारो वेळा लुकलुकवताही येतो. समोरचा प्रकाशग्राहक तेवढाच ठेका ओळखतो, त्यामुळे ट्यूबलाइट किंवा खिडकीतून येणारं नागपुरी ऊन त्याला सहसा फसवू शकत नाही.

एक मात्र खरं, सेन्सरला ठोकळा ‘दिसत’ नाही, फक्त परतलेल्या उजेडातला फरक कळतो. पांढऱ्या फिल्मवर लाल खूण आणि सेन्सरचा उजेडही लाल, तर दोन्हीकडून सारखाच प्रकाश परततो आणि खूण हरवते. तिथे हिरवा उजेड लागतो. चकचकीत फिल्म आरशासारखी उजेड फेकते, म्हणून सेन्सर थोडा तिरपा बसवतात. शेवेच्या लाइनवर तेल आणि तिखटाची भुकटी भिंगावर बसते. ती वेळच्या वेळी पुसावीच लागते, नाहीतर पाकिटं चुकीच्या जागी कापली जातात.

डिझाइन करणाऱ्यालाही कडेची ती पट्टी मोकळी सोडावी लागते. तिथे हौसेने वेलबुट्टी काढली, तर मशीन तिलाच खूण समजून भलत्याच जागी सुरी चालवतं.