चामड्याच्या पिशवीपासून एनिमाच्या भांड्यापर्यंत

पुण्यात ताडीवाला रोडवर बापू भवन आहे. आज तिथे राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था चालते. पूर्वी ते डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं आणि गांधीजींचा तिथे मुक्काम असे. आगाखान पॅलेसच्या कैदेत १९४२ साली त्यांनी 'आरोग्याची किल्ली' लिहिली, १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केले. पोट साफ होणं हा त्यांच्या लेखी उघडपणे बोलायचा विषय होता. निसर्गोपचारात मातीच्या पट्टीइतकंच एनिमाचं भांडंही नित्याचं.

भांडं अलीकडचं, पण त्याचं कुळ फार जुनं. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात बस्तीचं, म्हणजे आयुर्वेदातल्या एनिमाचं, यंत्र तपशिलात सांगितलंय. पिशवी बैल, म्हैस, बोकड अशा जनावरांच्या मूत्राशयाची. शिरा काढून, कमावून मऊ केलेली, दुर्गंध नसलेली. नळी गाईच्या शेपटीसारखी निमुळती, गुळगुळीत. लांबी रोग्याच्या वयाप्रमाणे, सहा वर्षांच्या मुलाला ६ अंगुळं, विशीतल्याला १२. छिद्र लहान मुलासाठी मूग जाईल एवढं, मोठ्यासाठी बोराएवढं. आणि नळी प्रमाणाबाहेर आत जाऊ नये म्हणून तिला कंगोरा. रोग्याला इजा होऊ नये याची ही काळजी मला बस्तीतल्या औषधांहूनही मोठी वाटते.

तेव्हा पिशवी हाताने दाबावी लागे, म्हणून जोर वैद्याच्या हातावर. एकोणिसाव्या शतकात टिकाऊ रबर आलं आणि भांडं उंच टांगून नळीवाटे पाणी सोडणं सोपं झालं. जोर आता उंचीवर ठरू लागला.

क्रम मात्र जुनाच राहिला. बस्तीची मालिका तेलाच्या अनुवासनाने सुरू होते, मग काढ्याचा निरूह. आजही आतड्यात मळाचा खडा अडकला, तर डॉक्टर बरेचदा आधी तेलाच्या एनिमाने तो मऊ करतात, नंतर धुऊन काढतात. पोटातून मॅक्रोगोल या रेचकाची पावडरही देतात. त्यानेही भागलं नाही, तर हातमोजा घालून बोटाने खडा काढावा लागतो.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर एक लक्षात ठेवा. बरेच दिवस शौचाला न झालेल्या माणसाला अचानक पातळ होऊ लागलं, तर ते जुलाब असतीलच असं नाही. खड्याच्या कडेने झिरपणारं पाणीही असू शकतं. जुलाब थांबवायची गोळी देऊ नका, मूत्रपिंडाच्या रोग्याला दुकानातला फॉस्फेटचा एनिमा परस्पर देऊ नका. लाज न धरता डॉक्टरांना दाखवा.