एल्कची शिकार आणि धनुष्यावरील साइट : स्थिर पिना की सरकती पिन?

सप्टेंबर उजाडला की उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतराजीत एल्कच्या माजाचा काळ सुरू होतो. पहाटेच्या गारठ्यात स्प्रूस आणि अ‍ॅस्पेनच्या रानांतून नरांच्या शिट्टीसारख्या लांबलचक हाळ्या ऐकू येतात. कोलोराडो, आयडाहो, मॉन्टाना, वायोमिंग या राज्यांत परवानाधारक धनुर्धारी शिकाऱ्यांचा हंगाम बहुतांशी याच दिवसांत असतो. युरोपात ‘एल्क’ म्हणजे मूस; अमेरिकेत मात्र हे नाव ज्या प्राण्याला मिळाले, त्याला तेथील शॉनी लोकांच्या भाषेतून आलेले ‘वापिती’ हे दुसरे नावही आहे. पूर्ण वाढलेला नर सुमारे तीनशे किलोंचा, दिसायला आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. पण नात्याने त्याला अधिक जवळचा काश्मीरचा हंगुल.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे, हे येथे सांगून ठेवलेले बरे. प्रस्तुत माहिती अमेरिकेतील आहे. मात्र ज्या कंपाउंड धनुष्याविषयी ती आहे, ते मराठी वाचकाला आता परके राहिलेले नाही. २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली ती याच प्रकारच्या धनुष्याने. दोघांचाही सराव साताऱ्याचा. अमेरिकेतील होलेस विल्बर अ‍ॅलन यांना १९६९ मध्ये या धनुष्याचे पेटंट मिळाले. टोकांवरील चक्रांमुळे प्रत्यंचा पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो. सत्तर पौंड ओढीच्या धनुष्यात ही सूट ऐंशी टक्के असेल, तर नेम धरताना हातावर चौदा पौंडच राहतात.

बंदुकीच्या नळीवर जशी माशी, तशी या धनुष्याच्या मुठीच्या वर साइट बसवलेली असते. एका गोल कडीत प्रकाशवाही तंतूच्या बारीक, चमकत्या टोकाची पिन असते. प्रत्यंचेत गुंफलेल्या छोट्या छिद्रातून पाहून ती लक्ष्यावर टेकवायची. बाण सोडताक्षणी खाली पडू लागतो, म्हणून प्रत्येक अंतराला पिनेची उंची वेगळी लागते. ही वेगळी उंची मिळवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत कडीत तीन, पाच किंवा सात पिना एकाखाली एक कायमच्या घट्ट केलेल्या असतात. सर्वांत वरची २० वारांची, तिच्याखालची ३० ची, मग ४० ची, याप्रमाणे. दुसऱ्या रीतीत पिन एकच असते आणि बाजूचे चाक फिरवून सबंध कडी वरखाली सरकवता येते. चाकावर चिकटवलेल्या पट्टीवर अंतरे छापलेली असतात. (येथील वार म्हणजे यार्ड, सुमारे ९१ सेंटिमीटर. नऊवारी लुगड्यातला वारही तोच.)

अचूकतेचा प्रश्न असेल तर सरकती पिन निर्विवाद सरस ठरते. ३७ वारांचे लक्ष्य असेल तर चाक ३७ वर आणायचे आणि पिन थेट मध्यावर टेकवायची. दृष्टीसमोर दुसरे काही नाही, मोजणी नाही, चुकीची पिन निवडण्याची भीती नाही. स्पर्धेतील कंपाउंड धनुर्धारीही सरकवता येणारी एकबिंदू साइटच वापरतात, तीही भिंग लावून. पण तेथे लक्ष्य ५० मीटरवर उभे असते आणि ते ५० मीटरवरच राहते. एल्क उभा राहत नाही, आणि सगळा वाद या एका गोष्टीतून उभा राहतो.

थोडे गणित केल्यावाचून हे नीट कळणार नाही. बाणाचा वेग सेकंदाला २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर धरू. शिकारीच्या धनुष्याला तो सर्वसाधारण आहे. हवेचा विरोध सोडून दिला, तर ३० वारांवर लावलेल्या पिनेने २० वारांवरचा बाण अंदाजे आठ सेंटिमीटर वर लागतो आणि ३५ वारांवरचा तितकाच खाली. ४० वारांवर तो सुमारे १९ सेंटिमीटर खाली जातो, तर ५० वर अर्धा मीटर. आता एल्कचे शरीर पाहा. बाजूने उभ्या असलेल्या नराच्या हृदय-फुप्फुसांचा भाग उंचीला साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर असतो. नेम मध्यावर धरला तर वरखाली १८ ते २० सेंटिमीटर एवढीच चुकीला जागा. याचा अर्थ, ३० वर लावलेल्या पिनेने २० ते ३५ वारांपर्यंत निभावते. पण प्राणी ४० वर सरकला आणि पिन तेथेच राहिली, तर सगळी जागा संपते. बाण छातीच्या खालच्या कडेला लागतो किंवा पाय मोडतो. बाणाने प्राणी मरतो तो रक्तस्रावाने, गोळीसारख्या धक्क्याने नव्हे. दोन्ही फुप्फुसे भेदली गेली तर तो थोड्याच अंतरावर कोसळतो. जखम भलतीकडे झाली तर तीनशे किलोंचा हा प्राणी दऱ्या ओलांडून मैलोन् मैल जातो, कित्येकदा सापडतच नाही, आणि पुढचे दिवस यातनांत काढतो. साइटची निवड केवळ सोयीचा किंवा हौसेचा विषय नाही, तो यामुळे.

रानात प्रत्यक्ष घडते काय? शिकाऱ्याचा साथीदार मागे बसून मादीच्या आवाजात साद घालतो. नर हाळी देत उतरणीवरून येतो, झाडांआड थांबतो, पुन्हा निघतो. तो दिसताच दुर्बिणीसारख्या अंतरमापकाने मोजले, ४२ वार भरले, चाक ४२ वर आणले आणि त्याचे डोके खोडाआड जाताच धनुष्य ताणले. नर पुढे आला तो २५ वर. आता एक हात मुठीवर, दुसरा प्रत्यंचेवर. चाकाला हात लावायचा तर धनुष्य सैल सोडावे लागते, आणि तेवढी हालचाल त्या प्राण्याला पुरेशी असते. पाच पिनांच्या साइटवाला याच क्षणी काहीही न हलवता २० आणि ३० च्या पिनांमधल्या जागेत नेम धरतो. अंतर बदलले तर डोळा दुसऱ्या पिनेवर जातो. हात जागचा हलत नाही. सादेला येणारा नर बहुधा ४० वारांच्या आतच बाणाच्या टप्प्यात येतो, आणि येताना अंतर बदलतच येतो. अशा शिकारीला स्थिर पिनांचा हा गुण इतर सर्व उणिवांपेक्षा वजनदार आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उणिवा आहेत, हेही खरे. पाच चमकती टोके एका कडीत दाटीने बसली की कावऱ्याबावऱ्या क्षणी नजर चुकीच्या टोकावर जाते. ३० ची पिन धरायची ती ४० ची धरली जाते आणि बाण नेमापेक्षा वर लागतो. संध्याकाळच्या अंधुक उजेडात पिनांची चमक एकमेकींत मिसळते. यावर उपाय म्हणजे पिना कमी ठेवणे आणि रंग वेगळे ठेवणे. दाट रानात शिकार करणाऱ्याला तीन पिना पुष्कळ झाल्या.

सरकत्या पिनेचे पुरस्कर्ते एक युक्ती सांगतात: पिन ३० वर ठेवून द्यावी आणि प्राणी जवळ वा दूर असेल त्याप्रमाणे नेम किंचित खाली किंवा वर धरावा. वरचे आकडे पाहिले तर ३५ वारांपर्यंत ही युक्ती खरोखर चालते. पुढे मात्र ती अंदाजावर जाते, आणि अंदाज करावा लागू नये म्हणूनच तर हे चाकाचे यंत्र घेतलेले असते! ही साइट शोभते ती मचाणावर बसून पांढऱ्या शेपटीच्या हरणाची वाट पाहणाऱ्याला, जेथे प्रत्येक झाडाचे अंतर आधीच मोजून ठेवलेले असते.

या दोहोंच्या मधला तिसरा प्रकार म्हणजे तीन ते पाच पिनांची कडी चाकावर बसवलेली मिश्र साइट. चाक मूळ जागी असताना पिना नेहमीच्या अंतरांना लागू पडतात. लांबचे लक्ष्य असेल आणि वेळ असेल, तर चाक फिरवून एका ठरावीक पिनेने नेम धरायचा. उघड्या उतारांवर फिरणाऱ्या, भरपूर सराव असलेल्या शिकाऱ्याला हीच निवड योग्य. मात्र चाक ७० वर नेऊन ठेवले आणि परत आणायला विसरले, तर पुढच्या प्रसंगी कडीतली एकही पिन खरी राहत नाही. म्हणून मूळ जागी ठाम अडणारी खूण असलेलीच साइट घ्यावी आणि प्रत्येक बाणानंतर चाक तेथे आणण्याची सवय अंगी बाणवावी. सरकते भाग आले की स्क्रू, धूळ, आपटणे हेही आले. डोंगरात एकदा घसरून पडल्यावर तळावर परतून दोन बाण मारून पाहिल्याशिवाय कोणत्याच साइटवर विसंबू नये.

चाकात एक मोहही दडलेला असतो. पट्टीवर ८० आणि ९० हे आकडे छापलेले असले की तितक्या लांबून बाण सोडावासा वाटतो. चाक बाणाची पडझड सुधारते; वेळ सुधारत नाही. ६० वारांना बाणाला सुमारे दोन तृतीयांश सेकंद लागतो, प्रत्यंचेचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो आणि एवढ्या वेळात एल्क सहज एक पाऊल टाकतो. फुप्फुसांवर धरलेला नेम पोटात उतरतो. शिवाय अंतर वाढेल तसा मोजणीतल्या चुकीचा दंडही वाढतो: २० ऐवजी २५ वार असले तर बाण जेमतेम पाच सेंटिमीटर खाली लागतो, ६० ऐवजी ६५ असले तर अठरा.

साइट बसवताना नियम सोपा आहे, तरी नवख्यांना उलटा वाटतो: बाण जिकडे लागेल तिकडे पिन न्यावी. खाली लागला तर पिन खाली, डावीकडे लागला तर डावीकडे. बाणाचे वजन किंवा पाते बदलले की पट्टी आणि पिना दोन्ही नव्याने तपासाव्या लागतात, आणि ही तपासणी शिकारीच्या पात्यानेच करावी. सरावाच्या टोकाने लागणारा बाण रुंद पात्याने तेथेच लागेल, असे गृहीत धरू नये. डोंगरउतारावर कडीतला पाण्याचा बुडबुडा मध्यावर आहे की नाही, हे पाहावे, कारण उतारावर धनुष्य नकळत कलते आणि बाण बाजूला जातो. तीव्र उतारावर सरळ रेषेतले अंतर न धरता आडवे अंतर धरावे लागते: तीस अंशांच्या उतारावर मापकाने ४० वार दाखवले, तर पिन सुमारे ३५ ची. हल्लीचे बरेच अंतरमापक हा हिशेब स्वतःच करून देतात. अंतर मोजून आपोआप पिन दाखवणाऱ्या विद्युत साइटही बाजारात आहेत. परंतु कोलोराडो, आयडाहो यांसारख्या राज्यांत धनुष्यावर अशी साइट लावून शिकार करण्यास मज्जाव आहे. नियम राज्यागणिक निराळे असतात आणि वेळोवेळी बदलतात. म्हणून साइट विकत घेण्याआधी ज्या राज्याचा परवाना काढायचा, तेथील वन्यजीव विभागाची त्या वर्षीची नियमपुस्तिका पाहून घ्यावी.