सुशांत सिंह राजपूत मृत्युप्रकरणातील हत्येचे तर्क

हिंदी दूरचित्रवाणी व चित्रपट अभिनेता सुशांत सिंह राजपूत (जन्म : २१ जानेवारी १९८६, पाटणा, मृत्यू : १४ जून २०२०, मुंबई) याच्या निधनानंतर, त्याने आत्महत्या केली नसून त्याची हत्या झाली असावी, असे प्रतिपादन करणारे अनेक तर्क देशभर प्रसृत झाले. मुंबई पोलीस, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे (एम्स) वैद्यकीय मंडळ आणि केंद्रीय अन्वेषण विभाग (सीबीआय) या तिघांनीही या मृत्यूचा तपास आपापल्या कक्षेत केला. त्यांपैकी एकालाही हत्येचा पुरावा आढळला नाही. तरीही लोकव्यवहारात हे प्रकरण ‘न उलगडलेला खून’ म्हणूनच पुष्कळदा उल्लेखिले जाते. प्रस्तुत लेखात हे तर्क कसे निर्माण झाले, ते कोणत्या आधारांवर उभे होते आणि तपासात त्यांचे काय झाले, याचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

राजपूत याने दिल्ली अभियांत्रिकी महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट सोडून अभिनयाकडे वळण्याचा निर्णय घेतला. ‘किस देश में है मेरा दिल’ (२००८) या मालिकेतून त्याचे दूरचित्रवाणीवर पदार्पण झाले. त्याला खरी ओळख मिळाली ती २००९ साली झी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘पवित्र रिश्ता’ या मालिकेमुळे. मालिका हिंदी असली तरी तिचे वातावरण मुंबईतील मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाचे होते, आणि राजपूतने साकारलेला मानव देशमुख हा गॅरेजमध्ये काम करणारा मराठी तरुण होता. त्यामुळे पाटण्याचा हा अभिनेता महाराष्ट्रातील घरोघरी परिचयाचा झाला. पुढे ‘काय पो छे’ (२०१३), ‘एम. एस. धोनी’ (२०१६), ‘केदारनाथ’ (२०१८), ‘छिछोरे’ (२०१९) इत्यादी चित्रपटांतून त्याने नाव मिळवले. चित्रपटसृष्टीत कोणताही कौटुंबिक वारसा नसताना मिळालेले हे यश, हा त्याच्याविषयीच्या जिव्हाळ्याचा मोठा भाग होता. मृत्यूनंतरच्या तर्कांनाही याच जिव्हाळ्याने बळ पुरवले.

मृत्यू आणि मुंबई पोलिसांची चौकशी

१४ जून २०२० रोजी वांद्रे (पश्चिम) येथील राहत्या घरी राजपूत मृतावस्थेत आढळला. खोलीचे दार आतून बंद होते व ते कुलूपवाल्याला बोलावून उघडावे लागले, असे घरात त्या वेळी असलेल्यांनी सांगितले. कूपर रुग्णालयात शवविच्छेदन झाले आणि गळफासामुळे श्वासावरोध होऊन मृत्यू ओढवल्याचा निष्कर्ष डॉक्टरांनी नोंदवला. कालिना येथील न्यायवैद्यक प्रयोगशाळेत झालेल्या व्हिसेरा तपासणीत विषाचा अंश आढळला नाही.

मुंबई पोलिसांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली अकस्मात मृत्यूची नोंद करून चौकशी सुरू केली व ५६ जणांचे जबाब घेतले. येथे एक तांत्रिक, परंतु पुढील साऱ्या वादाच्या मुळाशी असलेली गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कलम १७४ खालील चौकशीचा हेतू मर्यादित असे : मृत्यू कशाने झाला, तो नैसर्गिक, अपघाती, आत्मघाती की घातपाती, एवढेच तीत पाहायचे असे. गुन्हा नोंदवून केलेला तपास त्याहून वेगळा. मुंबईत गुन्हा नोंदवला गेला नाही, म्हणजे पोलीस काही लपवीत आहेत, असा अर्थ अनेकांनी काढला. वस्तुतः घातपाताचा संशय न दिसल्यास प्रचलित पद्धत हीच आहे. दोन महिने लोटूनही चौकशीचा निष्कर्ष जाहीर न झाल्याने मात्र संशयाला मोकळे रान मिळाले, हेही खरे.

पाटण्यातील फिर्याद

२५ जुलै २०२० रोजी राजपूतच्या वडिलांनी पाटण्यातील राजीव नगर पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. तीत अभिनेत्री रिया चक्रवर्ती, तिचे कुटुंबीय व इतर काहींवर आरोप होते. मुलाला आत्महत्येस प्रवृत्त करणे (भारतीय दंड संहिता कलम ३०६), फसवणूक, विश्वासघात, डांबून ठेवणे, धमकी व कट अशी कलमे तीत लावण्यात आली. खुनाचे, म्हणजे ३०२ वे, कलम तीत नव्हते. ज्या फिर्यादीवर नंतरचा सारा तपास उभा राहिला, तिचे गृहीतकच आत्महत्या हे होते. हत्येचा दावा मूळ तक्रारीत नसून तो तिच्या भोवती, प्रामुख्याने पडद्यावर आणि समाजमाध्यमांत वाढला, ही बाब या प्रकरणावरील लेखनात क्वचितच सांगितली जाते.

यानंतर दोन राज्यांच्या पोलिसांत अधिकारक्षेत्राचा वाद उद्भवला. तपासासाठी मुंबईत आलेल्या बिहारच्या एका पोलीस अधिकाऱ्याला महापालिकेने कोविडच्या नियमांनुसार विलगीकरणात ठेवले, तेव्हा तो विकोपाला गेला. बिहार सरकारच्या शिफारशीवरून केंद्राने प्रकरण सीबीआयकडे दिले. १९ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. हृषीकेश रॉय यांनी पाटण्यातील गुन्ह्याची नोंद वैध ठरवून सीबीआय तपासावर शिक्कामोर्तब केले. मुंबई पोलिसांनी गैरकृत्य केल्याचे सकृद्दर्शनी दिसत नाही, असेही याच निकालात म्हटले होते. निकालाचा हा भाग बातम्यांत फारसा आला नाही.

तर्कांचे स्वरूप

हत्येचे तर्क एकसंध नव्हते; ते परस्परांशी सुसंगतही नव्हते.

सर्वांत आधीचा तर्क छायाचित्रांवर आधारलेला होता. मृतदेहाची छायाचित्रे १४ जूनलाच समाजमाध्यमांत फिरू लागली. ती पसरवू नयेत, असे आवाहन महाराष्ट्र सायबर विभागाला करावे लागले. गळ्यावरील व्रण पाहून हा गळफास नसून गळा आवळल्याचा प्रकार आहे, असे निदान अनेकांनी घरबसल्या केले. सप्टेंबरमध्ये कुटुंबाच्या वकिलांनीही एम्समधील डॉक्टरांच्या हवाल्याने असाच दावा केला. त्यावर, केवळ व्रणाची छायाचित्रे पाहून निर्णायक मत देता येत नाही, असा खुलासा वैद्यकीय मंडळाचे प्रमुख डॉ. सुधीर गुप्ता यांनी केला. शवविच्छेदन अहवालात मृत्यूची वेळ नमूद नव्हती, हा आक्षेपही याच गटात मोडतो. नोंदीतील अशी उणीव टीकेस पात्र असते, पण ती हत्येचा पुरावा ठरत नाही.

दुसरा तर्क चित्रपटसृष्टीतील घराणेशाहीचा. बड्या निर्मात्यांनी राजपूतला कामापासून वंचित ठेवले, या आरोपापासून त्याचा आरंभ झाला. मुजफ्फरपूरच्या न्यायालयात काही नामवंतांविरुद्ध तक्रारही दाखल झाली; ती अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळली गेली. प्रारंभी हा तर्क मानसिक छळापुरता होता. काही आठवड्यांतच त्याचे रूपांतर ‘माफियाने केलेल्या हत्येत’ झाले.

तिसरा आर्थिक हेतूचा. राजपूतच्या खात्यातून १५ कोटी रुपये वळवल्याचा आरोप फिर्यादीत होता व सक्तवसुली संचालनालयाने त्याची स्वतंत्र चौकशी केली. या आरोपालाच जोडून जादूटोण्याची भाषा वृत्तवाहिन्यांवर आली आणि एका बंगाली स्त्रीविषयी जुने पूर्वग्रह उघडपणे उच्चारले गेले.

चौथा तर्क राजकीय कटाचा होता. राजपूतकडे पूर्वी काम केलेल्या एका तरुण व्यवस्थापिकेचा काही दिवस आधी मालाड येथे इमारतीवरून पडून मृत्यू झाला होता. दोन्ही घटना जोडून तत्कालीन महाराष्ट्र शासनाशी संबंधित व्यक्तींवर संशय घेण्यात आला. महाराष्ट्र आणि बिहारमधील सत्ताधारी पक्ष परस्परविरोधी होते आणि बिहार विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. राजपूतचे चित्र असलेली प्रचारपत्रके बिहारमध्ये वाटली गेली.

या तर्कांच्या प्रसाराचा अभ्यास अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी केला. ‘आत्महत्या’ या शब्दापेक्षा ‘हत्या’ हा शब्द असलेल्या मजकुराला अधिक प्रतिसाद मिळत होता, असे त्यांना दिसून आले.

अशा प्रकरणांचा विचार करताना ब्रिटिश दूरचित्रवाणी निवेदिका जिल डँडो हिच्या खुनाची तुलना उद्बोधक ठरते. २६ एप्रिल १९९९ रोजी लंडनच्या फुलहॅम भागात स्वतःच्या घराच्या दारात तिला गोळी घालण्यात आली. बेलग्रेडच्या दूरचित्रवाणी केंद्रावर झालेल्या बाँबहल्ल्याचा सर्बियन सूड, गुन्हेगारी टोळीचे कृत्य, एकट्या पछाडलेल्या माणसाचे कृत्य, असे नाना तर्क तेथेही झाले. एकाला २००१ मध्ये शिक्षा झाली, परंतु २००८ च्या फेरसुनावणीत तो निर्दोष सुटला. तेथे खून निर्विवाद होता आणि मारेकरी अज्ञात राहिला. राजपूत प्रकरणात ‘मारेकऱ्यां’ची नावे रोज घेतली गेली; सिद्ध व्हायचा राहिला तो खूनच.

एम्स मंडळाचे मत

सीबीआयच्या विनंतीवरून एम्सने डॉ. गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली वैद्यकीय मंडळ नेमले. मंडळाने शवविच्छेदन अहवाल, छायाचित्रे व चित्रफिती आणि व्हिसेराचा शिल्लक अंश तपासला. वांद्र्याच्या घराचीही पाहणी झाली. मृत्यू गळफासामुळे झाला असून गळफासाखेरीज शरीरावर अन्य इजा नाहीत, झटापटीच्या खुणा नाहीत आणि विष वा गुंगीचे द्रव्य आढळलेले नाही, असे मत मंडळाने सप्टेंबरच्या अखेरीस दिले. ते ऑक्टोबरच्या आरंभी प्रसिद्ध झाले. हत्येची शक्यता त्यात स्पष्टपणे नाकारली होती. ज्या वाहिन्या तोवर एम्सच्या अहवालाची वाट पाहण्यास सांगत होत्या, त्यांतील काहींनी मग एम्सच्याच विश्वासार्हतेवर प्रश्न उपस्थित केले.

डिसेंबर २०२२ मध्ये कूपर रुग्णालयाच्या शवागारातील एका माजी कर्मचाऱ्याने आपण शरीरावर मारहाणीच्या खुणा पाहिल्याचे सांगितले. अडीच वर्षांनंतर केलेल्या या विधानाला कागदोपत्री पुराव्याचा आधार मिळाला नाही.

वृत्तवाहिन्या आणि मुंबई उच्च न्यायालय

टाळेबंदीमुळे घरात अडकलेल्या प्रेक्षकांसमोर हे प्रकरण महिनोन्‌महिने चालले. रुग्णवाहिकेच्या चालकापासून इमारतीच्या पहारेकऱ्यापर्यंत प्रत्येकजण कॅमेऱ्यापुढे साक्षीदार झाला. राजपूतच्या नावाने बनावट ट्वीट दाखविल्याबद्दल ‘आजतक’ला वृत्तवाहिन्यांच्या स्वनियामक मंडळाने एक लाख रुपयांचा दंड केला. चक्रवर्ती हिला ८ सप्टेंबर २०२० रोजी अमली पदार्थविषयक गुन्ह्यात अटक झाली. ७ ऑक्टोबर रोजी उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. हा गुन्हा मृत्यूच्या कारणाशी संबंधित नव्हता. परंतु अटकेचे दृश्य पाहणाऱ्या अनेकांनी ती ‘खुनाबद्दलची’ अटक समजली.

निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकारी व इतरांच्या याचिकांवर मुख्य न्यायमूर्ती दीपंकर दत्ता व न्या. गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला. माध्यमांनी चालवलेला समांतर खटला तपासात व न्यायदानात अडथळा आणतो, असे न्यायालयाने म्हटले. ‘रिपब्लिक टीव्ही’ व ‘टाइम्स नाऊ’ यांचे काही वार्तांकन सकृद्दर्शनी न्यायालयाचा अवमान करणारे असल्याचे नोंदवूनही त्यांच्यावर कारवाई मात्र केली नाही. आत्महत्येच्या बातम्या देताना मृत व्यक्ती दुर्बळ मनाची होती असे सुचवू नये, घटनेची नाट्यरूप पुनर्निर्मिती करू नये, साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन त्यांच्यावर दडपण आणू नये, इत्यादी निर्देश देण्यात आले. वृत्तपत्रांसाठी भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वे नवे नियम होईपर्यंत वाहिन्यांनाही लागू राहतील, असेही न्यायालयाने ठरवले. या निकालाचा उल्लेख पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात व्हावयास हवा.

सीबीआयचा अहवाल

सुमारे साडेचार वर्षांच्या तपासानंतर २२ मार्च २०२५ रोजी सीबीआयने दोन प्रकरणांत ‘क्लोजर रिपोर्ट’ सादर केले : एक वडिलांच्या फिर्यादीवरील, दुसरा चक्रवर्ती हिने राजपूतच्या बहिणींविरुद्ध दिलेल्या तक्रारीवरील. राजपूतला कोणी आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा पुरावा आढळला नाही, असा निष्कर्ष त्यात होता. चक्रवर्ती ८ जून २०२० रोजी त्याचे घर सोडून गेली होती, हेही अहवालात नमूद आहे. तक्रारदार कुटुंबाच्या वकिलांनी हा अहवाल अपुरा असल्याचे सांगून त्यास आव्हान देण्याचा मनोदय व्यक्त केला. असा अहवाल स्वीकारणे किंवा अधिक तपासाचा आदेश देणे हा न्यायालयाचा अधिकार असतो, आणि तक्रारदाराला त्याविरुद्ध म्हणणे मांडण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे.

चित्रपट आणि कुटुंबाचा दावा

या घटनेवर बेतलेल्या ‘न्याय : द जस्टिस’ या चित्रपटाचे प्रसारण थांबवावे, यासाठी वडिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती. जुलै २०२३ मध्ये न्या. सी. हरी शंकर यांनी ही मागणी नाकारली. खासगीपणाचा व प्रसिद्धीविषयक हक्क व्यक्तीबरोबरच संपतो, तो वारसांकडे जात नाही, तसेच चित्रपटातील माहिती आधीच सार्वजनिक झालेली आहे, ही त्यांची कारणमीमांसा होती.