मातीतला किताब

२३ डिसेंबर २०१८ ची गोष्ट. जालन्याच्या आझाद मैदानावर महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती चालली होती आणि मी मंठ्यात, बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात, थंड होत चाललेला चहा हातात धरून दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोके घालून उभा होतो. तिथे जमलेल्या पंधरा-वीस जणांपैकी लंगोट कधी नेसलेले दोन-तीनच असतील. बाकीच्यांना गुण कसे मोजतात हेही ठाऊक नव्हते. तरी सगळ्यांचे श्वास रोखलेले. बाला रफिक शेखने आदल्या वर्षीच्या विजेत्याला, अभिजित कटकेला, ११-३ असे हरवले आणि एक पोरगा माझ्याकडे वळून म्हणाला, "चाचा, तुमचा पैलवान जिंकला."

तो वाईट भावनेने बोलला नव्हता, उलट माझे अभिनंदनच करत होता. पण 'तुमचा' हा शब्द चपलेत खडा शिरावा तसा टोचत राहिला.

खेळ पाहायला त्याचे जाणकार येतात तोवर ती स्पर्धा असते. ज्यांना खेळ कळत नाही तेही काम टाकून येऊ लागले, की ती परंपरा होते. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलचा पहिला सुपर बोल १९६७ साली झाला, तेव्हा लॉस एंजेलिसच्या मैदानात हजारो खुर्च्या रिकाम्या होत्या. आज त्या रविवारी तिथे घराघरांत सणासारखे जेवण असते. आपल्याकडे हे मातीत झाले, आणि बरेच आधी सुरू झाले.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला, त्यात राजाच्या करमणुकीत मल्लांच्या कुस्त्याही आहेत. म्हणजे तेव्हा कुस्ती दरबाराची होती. ती रयतेच्या डोळ्यांसमोर आणण्याचे मोठे काम शाहू महाराजांनी केले. १९०२ च्या युरोप प्रवासात त्यांनी रोमचे जुने प्रेक्षागार पाहिले आणि कोल्हापुरात खासबाग मैदान बांधायला घेतले. १९१२ मध्ये ते खुले झाले. कुठूनही बसा, हौदा दिसतो. त्या मैदानात पहिली कुस्ती लागली ती गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात. दोघे कोणाचे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही.

१९५३ मध्ये मामासाहेब मोहोळांनी राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन केली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १९६१ ला पहिला महाराष्ट्र केसरी ठरला, तो औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. दिनकर दह्यारी विजयी झाले. कुस्तीची पंढरी कोल्हापूर, परिषदेचे पुढारी पुण्याकडचे आणि मान मिळाला मराठवाड्याला, जो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. राज्य जेमतेम वर्षाचे होते. नकाशावर जोडलेली माणसे एका आखाड्याभोवती बसवायची होती. पुढच्याच वर्षी धुळे, मग अमरावती, नाशिक, खामगाव, लातूर. स्पर्धा दरसाल गाव बदलत राहिली, म्हणूनच ती सगळ्यांची झाली, असे माझे मत आहे.

ती काही नीटनेटकी चालली असे नाही. काही वर्षी किताब कोणालाच मिळाला नाही. २०२३ या एकाच वर्षात जानेवारीत पुण्याला आणि नोव्हेंबरात पुन्हा फुलगावला महाराष्ट्र केसरी झाले. संघटनांची भांडणे कोर्टापर्यंत गेली. पंचांच्या निकालावरून तर दर दोन-चार वर्षांनी गोंधळ. पण ज्याच्यावरून माणसे इतकी भांडतात, ती गोष्ट त्यांना आपली वाटत असते.

मैदानावरची व्यवस्थाही मजेची आहे. एक गट मातीवर लढतो, एक गादीवर, आणि दोन्हींचे विजेते शेवटी गादीवर भेटतात. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणले तेव्हापासून जग गादीवर आहे हे आपल्याला माहीत आहे, पण माती सोडवत नाही. जालन्यात बाला रफिक मातीकडून आला होता, अभिजित गादीकडून.

मी कवितेचा माणूस, त्यामुळे डावांपेक्षा शब्दांकडे माझे लक्ष जास्त. तालीम हा शब्द अरबी, मूळ अर्थ शिक्षण. पैलवान, वस्ताद फारशीतून आले. मल्ल, आखाडा, केसरी संस्कृताच्या घरचे. किताब तर गमतीचा, पदवीचा 'खिताब' आणि पुस्तकाची 'किताब' असे दोन वेगळे शब्द मराठीच्या तोंडी येऊन एकच झाले. एका हौद्यात इतकी माती कालवलेली आहे. हळद, ताक, तेल, लिंबू घालून.

मी लहान असताना मंठा परभणी जिल्ह्यात, परतूर तालुक्यात होते. आमच्या भागात जत्रा असो की उरूस, शेवटच्या दिवशी कुस्त्यांची दंगल ठरलेली. हलगी कडाडली की आम्ही पोरे आधी पळायचो, कारण रेवड्यांच्या कुस्त्या आमच्या. मी एकदाच जिंकलो, आणि तेही समोरच्याचा पाय घसरला म्हणून. नारळावरची कुस्ती माझ्या वाट्याला कधी आली नाही. तालमीत मारुतीच्या तसबिरीपुढे ऊद जळत असे. वस्ताद सगळ्यांना सारख्याच शिव्या देत.

विजेत्याला जी गदा मिळते ती मोहोळ कुटुंबाकडून, मामासाहेबांच्या स्मरणार्थ. लाकडावर चांदीचा पत्रा, त्यावर एका अंगाला हनुमान, दुसऱ्या अंगाला मामासाहेब. बाला रफिकच्या आधी २००५ ला सईद चाऊसने ती खांद्यावर घेतली होती, २०२३ च्या नोव्हेंबरात सिकंदर शेखने घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, आणि तिच्यासाठीही हलगी तशीच वाजली.

तर त्या संध्याकाळी हॉटेलात मी काही बोललो नाही. कोपऱ्यात भजी खात बसलेल्या एका म्हाताऱ्याने मात्र त्या पोराला हटकले. "तुमचा काय म्हणतो रे? बुलढाण्याकडून खेळला तो. आपल्या जालन्याचं पोरगं कुठंय, ते सांग की."

मग जालन्याचा पैलवान का घडत नाही यावर तिथे तासभर वाद झाला. माझा चहाही दुसऱ्यांदा आला.