पित्तनळी आक्रसली? पोट न फाडताही होतो उपचार, पण स्टेंटची तारीख चुकवू नका

पित्ताशयाचे ऑपरेशन होऊन काही महिने झालेले असतात आणि डोळे पिवळे दिसू लागतात. लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज. घरचे म्हणतात, कावीळ झाली, आणि झाडपाल्याचे औषध सुरू होते. पण पित्तनळी आक्रसून पित्त तुंबले असेल, तर नळी मोकळी केल्याशिवाय ही कावीळ उतरत नाही.

नळी का आक्रसते?
यकृतात तयार झालेले पित्त या नळीतून लहान आतड्यात जाते. पित्ताशय काढताना नळीला इजा झाली, स्वादुपिंडाला जुनी सूज असली किंवा यकृत प्रत्यारोपण झाले असले, तर नळी अरुंद होऊ शकते. कर्करोगानेही नळी बंद होते. म्हणून रक्ततपासणी, सोनोग्राफी, एमआरसीपी करून आधी कारण शोधतात.

उपचार कसा होतो?
या उपचाराला ईआरसीपी म्हणतात. गुंगीचे औषध देऊन तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेतात. तिथून पित्तनळीत बारीक तार सरकवतात, अरुंद भाग फुग्याने रुंद करतात आणि तो पुन्हा आकसू नये म्हणून आत प्लॅस्टिकची छोटी नळी, म्हणजे स्टेंट, ठेवतात. साधारण दर ३ महिन्यांनी स्टेंट बदलतात आणि जमेल तशी त्यांची संख्या वाढवतात. हे बहुधा वर्षभर चालते. काहींना आवरण असलेला धातूचा स्टेंट बसवतात, तोही काही महिन्यांनी काढावा लागतो.

दुर्बीण पोचली नाही, तर त्वचेतून यकृतामार्गे नळी टाकता येते. पित्तनळी पूर्ण कापली गेली असेल, तर मात्र बहुतेकदा ऑपरेशनच लागते.

ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज, रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

खरी चूक इथे होते
कावीळ उतरते, भूक लागते, माणूस कामाला लागतो आणि तारीख राहून जाते. आतला स्टेंट गाळाने तुंबतो आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरून जिवावर बेतू शकते. थंडी वाजून ताप आला, पोट दुखले किंवा डोळे पुन्हा पिवळे झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

हे करा
- डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
- स्टेंट कोणता, किती आणि कधी काढायचा, हे लिहून घ्या.
- त्या तारखेच्या आठवडाभर आधीचा अलार्म लावा.
- खर्चाबाबत महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा.