'पाणी' आणि 'पानी' : उच्चारशुद्धीचा सामाजिक इतिहास

'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक दुरुस्त करतो, तेव्हा त्याच्या कानाने केवळ एक ध्वनी टिपलेला नसतो; विद्यार्थ्याची जात, गाव आणि घर यांचीही नोंद त्याच क्षणी झालेली असते. 'अशुद्ध' हा शेरा उच्चारावर मारला जातो. त्याचे ओझे मात्र बोलणाऱ्याला वाहावे लागते.

या शेऱ्याला भाषेच्या इतिहासाचा आधार किती? संस्कृत 'पानीय' या शब्दात 'न'च आहे. दोन स्वरांमधील 'न'चा 'ण' होणे ही प्राकृतातील प्रक्रिया. महाराष्ट्री प्राकृतात 'न'चा सर्वत्र 'ण' होतो, असे वररुचीचे व्याकरण सांगते. उलट 'कर्ण', 'पर्ण', 'सुवर्ण' यांतील 'ण' जाऊन मराठीत 'कान', 'पान', 'सोने' हे शब्द सिद्ध झाले. म्हणजे प्रमाण मराठीतील 'पाणी' आणि 'कान' हे दोन्ही उच्चार मुळापासून ढळलेलेच आहेत. या ढळण्याला नियम म्हणायचे आणि बोलीतल्या ढळण्याला दोष, हा निवाडा ध्वनीचा नसून प्रतिष्ठेचा आहे.

ही प्रतिष्ठा एकोणिसाव्या शतकात संस्थात्मक झाली. मोल्सवर्थचा कोश (१८३१), दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (१८३६) आणि सरकारी पाठ्यपुस्तके यांच्या काळात पुण्याकडील सुशिक्षित ब्राह्मणवर्गाची भाषा प्रमाण ठरत गेली. प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सर्व ब्राह्मण आहेत, हे जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले. माप ठरवणारा आणि मोजणारा असे दोघेही एकाच वर्गातले होते. 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या व्याकरणाची केलेली थट्टा याच व्यवस्थेचे वाङ्मयीन रूप होय. आशयाला भिडण्याआधी भाषा तपासायची, ही रीत वर्गालाही अपरिचित नाही.

ग्रामीण कथेने बोलीला साहित्यात आणले खरे. परंतु बहुधा बोली पात्रांच्या तोंडी आणि निवेदन प्रमाण भाषेत, अशी वाटणी कायम राहिली. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'सारख्या (१९८०) आत्मकथनांनी बोलीला निवेदकाचे स्थान दिले, तेव्हा ही वाटणी मोडली.

प्रमाण उच्चार शिकवणे हे शिक्षकाचे काम आहेच. परीक्षा, व्यासपीठ आणि कचेरी यांचा व्यवहार त्याच भाषेत चालतो. परंतु शिकवणे वेगळे आणि निवाडा देणे वेगळे. 'पानी' या शब्दापाशी शिक्षकाचा कान थांबला, तर विद्यार्थ्याचे पुढचे वाक्य ऐकलेच जात नाही. आणि काही दिवसांनी तो ते उच्चारतही नाही.